बाय, आधी उपकेंद्राकडे बघ

प्रिय बाय,

निकालाचा तुझा फोन आला तेव्हा मी परसात होते, हात मातीने भरलेले, म्हणून धड बोलता आलं नाही. ए.एन.एम. म्हणजे गावात काम करणारी सहाय्यक नर्स-सुईण झालीस, फार आनंद झाला. पण लगेच तू म्हणालीस, 'चिपळूणला एका नर्सिंग होममध्ये बोलावलंय, दुसरं कुठे काय मिळणार?' ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

मिळणार. आणि जे मिळणार आहे त्यासाठीच ही दोन वर्षं तुला शिकवलंय. आपला अभ्यासक्रम खाटा सांभाळण्यापुरता नाही गं. गरोदर बाई, बाळंतीण, लस, घरभेटी, गावचं पाणी, हे त्याचं पोट आहे. नर्सिंग होममध्ये सलाईन बदलत राहिलीस तर यातलं निम्मं विसरशील.

मीही तिथूनच सुरुवात केली होती. दीड वर्ष. मालकांनी माझी मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेतली होती. जिल्हा परिषदेचं मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा कागद मागायला आठ दिवस हेलपाटे घातले आणि मुलाखत हुकली. ती खंत अजून जात नाही. म्हणून सांगते, मूळ कागद कुणाच्या हाती ठेवू नकोस, झेरॉक्स दे. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय कुठे रुजू होऊ नकोस.

आता उपकेंद्र, म्हणजे गावातला सरकारी दवाखाना, जिथे ए.एन.एम. बसते. सपाटीला 5,000 लोकांमागे एक, डोंगराळ भागात 3,000 मागे एक, असा हिशेब असतो. जिल्हा परिषदेची भरती निघेल तेव्हा निघेल, तोवर राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी जागा मिळाली तर घे. अकरा महिन्यांची ऑर्डर म्हणून नाक मुरडू नकोस. त्या अकरा महिन्यांत जे हाताला वळण लागतं ते जन्मभर पुरतं. लसीकरणाच्या दिवशी आइसपॅक फ्रीजरमधून काढलास की लगेच लसीच्या पेटीत भरायचा नाही. वर घाम येऊ द्यायचा, कानाशी धरून हलवायचा, आत पाणी खळखळलं की मगच पेटीत. घाई केलीस तर पेंटाची, म्हणजे बाळाच्या पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, बाटली गोठते, आणि एकदा गोठलेली लस परत वितळली तरी फुकट गेली. मग ती पेटी खांद्याला लावून आषाढात साकव ओलांडायचा, पाखाडी चढायची. वरच्या वाडीतली बाई बाळाला घेऊन ओटीवर वाट बघत असते. तिला तू हवी असतेस.

प्राथमिक आरोग्य केंद्रात जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. महाडजवळ बिरवाडीच्या केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे काम केलं त्याची दखल जगाने घेतली. असल्या आडगावच्या केंद्रात माणूस किती शिकतो, ते ध्यानात घे. फुरसं, म्हणजे आपल्याकडचा तो विषारी साप, चावलेला माणूस आला की कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विष भिनलंय असं समजून डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगायचं. ही नळी तुझ्या हातात असणार आहे.

लहान मुलांची आवड असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्स मिळून अंगणवाड्या-शाळा फिरतात. लोट्याच्या किंवा रोह्याच्या रसायनांच्या कारखान्यांतही बघ. 500 च्या वर कामगार असले की कायद्याने उपचार कक्ष ठेवावाच लागतो. रसायन अंगावर उडालं तर मलम शोधत बसायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं धो धो पाणी, एवढं पक्कं ठेव.

आणि एक काम आपल्याकडे वाढतंच चाललंय. मुलं मुंबईला, आईवडील गावच्या घरात एकटे. गणपतीला चाकरमानी येतात आणि मला विचारतात, 'बाई, आईकडे बघायला कुणी मिळेल का?' गेल्या वर्षी अशाच एका घरी गेले. आजींची लघवीची पिशवी कुणीतरी खाटेच्या वरच्या दांडीला बांधली होती, दिसायला नीट म्हणून. पिशवीतली लघवी उलटी आत जात होती, आजी तापाने फणफणलेल्या. पिशवी नेहमी कमरेच्या खाली. माकडहाडावर लाल डाग दिसला की दर दोन तासांनी कूस बदलायची. एवढं जाणणारी बाई त्या घराला हवी होती. तू हे काम कमी दर्जाचं समजू नकोस. फक्त तास, पैसे आणि काय करायचं हे आधी कागदावर घे, नाहीतर भांडी-केरही तुझ्याकडेच येतो. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन-सलाईन नाही, घरच्यांनी पाया पडून सांगितलं तरी नाही.

चिपळूणला लगेच होकार देऊ नकोस. आधी जिल्हा परिषदेत आरोग्य विभागात जाऊन फळा वाच. येत्या रविवारी सगळे कागद घेऊन माझ्याकडे ये, अर्ज मिळून भरू. जेवायलाच ये.

तुझी,
नर्सबाई