पॅन्ट कानाने निवड

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून प्राणी बघायला तुझा नंबर लागला, छान झालं. पण सोबत पाठवलेले पॅन्टींचे फोटो पाहिले आणि म्हटलं, आता सविस्तरच लिहावं. मचाणावर चालेल, हिवाळ्यात प्राण्यांच्या पाहणीला चालेल आणि पावसाळ्यात हरिश्चंद्रगडालाही चालेल अशी एकच पॅन्ट तुला हवी आहे. तशी पॅन्ट कुणी शिवत नाही. टिकाऊ, बिनआवाजी आणि झटपट वाळणारी, हे तिन्ही गुण एका कापडात पुरेपूर सापडत नाहीत. कुठे जायचंय ते पाहून कोणता गुण सोडायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

फोटोंमधली एक परदेशी शिकाऱ्यांसाठी बनवलेली आहे आणि तिच्याबद्दल तू जरा बिचकत विचारलंयस. त्यात बिचकण्यासारखं काही नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. पण जनावराच्या कानावर न पडता त्याच्या जवळ असणं ही शिकाऱ्याची गरज होती आणि तीच तुझीही आहे. आल्प्समधले शिकारी लोडन नावाचं लोकरी कापड वापरत, विणल्यावर पाण्यात कुटून घट्ट केलेलं. फांदी घासली तरी आवाज नाही आणि पाऊस बराच वेळ आत येत नाही. आपल्या धनगरी घोंगडीतही हेच गुण आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचं सुती कापड काढलं. त्याची वीण इतकी दाट की भिजल्यावर धागे फुगतात आणि मधल्या फटी बुजतात. वर प्लास्टिकचा लेप नाही, म्हणून चुरचुर नाही. पुढे वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्यांनी ते उचललं ते याच गुणासाठी. स्वीडनच्या फिएलरेवेन कंपनीचं जी-1000 हे कापड 65 टक्के पॉलिस्टर आणि 35 टक्के सूत असं आहे, आणि त्यावर हवं तर मेण घासून घ्यायचं.

लोडन किंवा व्हेंटाइल मेळघाटच्या मे महिन्यात घातलंस तर उकडून निघशील. पण ते 65-35 चं मिश्रण नीट बघ. शाळेच्या आणि पोलिसांच्या गणवेशाचं आपलं टेरीकॉट जवळपास हेच आहे. कुठल्याही तालुक्याच्या गावी गणवेशाच्या कापडाच्या दुकानात ते ठाणाने पडलेलं असतं, खाकी, मातकट, शेवाळी, हव्या त्या रंगात. तिथून सुरुवात कर.

आता आवाजाबद्दल. पॅन्ट दोन प्रकारे वाजते. एक, चालताना मांडीला मांडी घासते तेव्हा. दुसरं, बाहेरची घाणेरी, कारवी, वाळका साग तिला घासतो तेव्हा. नायलॉनचा गुळगुळीत सलग धागा आणि आतून वॉटरप्रूफ लेप असला की दोन्ही वेळा चर्रर्र असा उंच, पातळ आवाज निघतो. गावात तो जाणवतही नाही. पण हरणांना आपल्या कानांच्या मर्यादेपलीकडचे उंच स्वरही ऐकू येतात, त्यामुळे आपल्याला किंचित वाटणारी सळसळ चितळाला किंचित वाटेलच असं नाही. आखूड तंतूंपासून कातलेल्या धाग्याच्या कापडाला वर बारीक लव असते, तो आवाज ती गिळते. म्हणून जुनी सुती पॅन्ट सगळ्यांत शांत. मेळघाटातले कोरकू वनमजूर बघशीलच. धुऊन धुऊन मऊ पडलेली साधी पॅन्ट आणि पाऊल अलगद टेकवण्याची सवय, एवढ्यावर ते तुझ्यामाझ्याहून शांत चालतात. पावलाची सवय बाजारात मिळत नाही, ती तुला त्यांच्या मागे चालूनच लागेल.

दुकानात कापड कानानेच तपास. तिथे गाणी चालू असतात, म्हणून ट्रायल रूममध्ये जा आणि दार लाव. पॅन्टचे दोन्ही पाय एकमेकांवर धरून कानाजवळ घास. मग नखाने आडवा ओरखडा काढ. खस्स असा बसका आवाज आला तर ठीक, झिप्प असा चढा आला तर किंमत न विचारता परत दे. त्यानंतर घालून उकिडवी बस आणि गुडघा छातीपर्यंत उचल. आसनात ताण बसला तर ती कातळ चढताना तिथेच उसवणार. आसनात चौकोनी जोडतुकडा घातलेला असेल तर उत्तम. नसेल तर शिंप्याकडून घालून घेता येतो.

लोक कापडावर बोलतात आणि खिशांकडे बघत नाहीत. मध्यरात्री पाणवठ्यावर अस्वल आलंय आणि कुणीतरी टॉर्चसाठी खिशाचं वेल्क्रो फाडतंय, हे ऐकलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. वेल्क्रो दिसलं तर ब्लेडने उसवून तिथे साधं काज-बटण करून घे. टिचबटणही रात्री स्पष्ट ऐकू येतं. चेनच्या धातूच्या जिभा काढून तिथे दोऱ्याचे फास बांध. किल्ल्या आणि सुटे पैसे सॅकमध्ये रुमालात गुंडाळून ठेव.

टिकाऊपणाचं म्हणशील तर नुसतं जाड कापड घेऊन भागत नाही. जीन्स जाड असते, पण तिचा निळा रंग, तिचं वजन आणि भिजल्यावरचा तिचा ओला लबदा, तिन्ही नकोत. कापड तिरक्या विणीचं घे, ज्याला दुकानदार ड्रिल किंवा ट्विल म्हणतो. वजन चौरस मीटरला 200 ते 240 ग्रॅम असावं. ट्रेकिंगच्या तयार पॅन्टी बऱ्याचदा याहून खूप हलक्या असतात. त्या चालायला मस्त, पण बोराटीच्या जाळीतून एकदा गेलं की धागे निघून लोंबतात. ट्रॅकपॅन्ट आणि फ्लीस तर मुळीच नको. त्यांच्या सैल गाठींत आकडीचा काटा असा अडकतो की तू पुढे आणि पॅन्ट मागे.

आणि कुसळं. ही एकदा हातात घेऊन बघच. पावसाळ्यानंतर माळावर जे कुसळी गवत माजतं, त्याच्या बीला खाली सुईसारखं टोक असतं, वर मागे वळलेली केसाळ लव आणि शेवटी लांब पीळदार शेपूट. दमट हवेत शेपटीचा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा आवळतो आणि तेवढ्या फिरण्यावर बी मातीत स्वतःला रोवत जातं. पॅन्टच्या कापडात शिरलं तर तिथेही तेच करतं. मागे वळलेली लव त्याला परत येऊ देत नाही, टोक पोटरीच्या दिशेने सरकत राहतं. घट्ट विणीच्या टेरीकॉटवर कुसळं आधी फारशी रुततच नाहीत आणि रुतली तरी बाहेरून चिमटीत धरता येतात. मोज्यात गेलेली मात्र टोकाकडून, आतल्या बाजूने ओढून काढायची. शेपटीला धरून ओढलंस तर शेपूट हातात आणि टोक मोज्यात.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. सह्याद्रीत जुलैत धबधबे आणि वारा इतका गाजत असतो की तुझी पॅन्ट वाजली काय आणि न वाजली काय. तिथे शांतपणा सोडून दे आणि झटपट वाळणं पदरात घे. सूत पाणी पितं, जड होतं आणि मांड्या सोलतं. पॉलिस्टर जवळजवळ पाणी धरत नाही. नायलॉन थोडं धरतं, पण घासण्याला जास्त टिकतं, आणि घसाऱ्यावर बूड टेकवून उतरायची वेळ सगळ्यांवरच येते. म्हणून पावसासाठी पातळ, लेप नसलेलं नायलॉन घे. ते दुकानातलं तयार चालेल, तिथे शिंप्याच्या भानगडीत पडू नकोस. जळवा घट्ट विणीतून चावत नाहीत, फट शोधतात. पॅन्टची मोहरी मोज्यात खोच. दिसायला विचित्र दिसतं, दिसू दे. शॉर्ट्स घालून जंगलात जायचा आग्रह मात्र सोड. गोचीड हा थट्टेचा विषय राहिलेला नाही. सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्गकडे 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले, तो गोचिडीतूनच पसरतो.

रंगाबद्दल थोडक्यात. हरणांना तांबडा-नारिंगी आपल्यासारखा वेगळा दिसत नाही. म्हणून तर इतका भडक वाघ त्यांना गवतात हिरवट भासतो. निळा मात्र त्यांना चांगला दिसतो. तेव्हा निळं काही नको आणि कपडे उजळ करणारी पावडरही या पॅन्टला लावू नकोस, कारण ती चमक अतिनील किरणांवर चालते आणि हरणांच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त टोचते. लष्करी छापाची पॅन्ट स्वस्तात मिळते, ती घेऊ नकोस. वनखात्याच्या माणसाला लांबून तू कोण ते कळायला हवं, आणि गडचिरोलीसारख्या भागात तर त्या छापामुळे नसता घोळ होईल. मातकट किंवा शेवाळी, एकरंगी. झालं.

बायकांच्या तयार पॅन्टींचे खिसे बोटभर असतात आणि कापड पातळ, ही तक्रार माझ्याबरोबर मचाणावर बसलेल्या प्रत्येकीकडून ऐकली आहे. म्हणून पुरुषांचं ड्रिल घे आणि स्वतःच्या मापाने शिवून घे. 58 इंच पन्ह्याचं दीड मीटर घेतलंस तर गुडघ्यांवर त्याच कापडाचा दुसरा थर आणि आसनातला तुकडाही त्यातच निघेल. आसनाला दुहेरी शिलाई, खिशांच्या कोपऱ्यांवर पक्के टाके. कमरेला मागच्या बाजूने थोडं इलॅस्टिक, कारण तासन्‌तास मांडी घालून बसायचं असतं. रात्री मचाणावरून खाली उतरता येत नाही. त्या अडचणीचं काय करायचं ते मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मुलींना विचार, त्या माझ्यापेक्षा नीट सांगतील.

नव्या कापडाला खळ असते आणि तीच सगळ्यांत जास्त वाजते. त्यामुळे पॅन्ट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच शिवून घे, कोमट पाण्यात चार-पाचदा धू, मध्ये मध्ये घालून घरात वावर. इस्त्री नको.

शिंप्याकडे जाताना बूट पायात असू देत, नाहीतर मोहरी हमखास आखूड होते. घोट्याच्या खाली दोन बोटं सांग. शिलाई किती घेतली तेही कळव, इथे शेजारच्या पोराला अशीच एक शिवायची आहे.

तुझा,
काका