ग्रिप, म्हणजे हाताच्या पकडीची ताकद, मोजताना आधी हे बघ
अगं, रीडिंग पाच-सहा किलोनं खाली आलं की लगेच पेशंटची ताकद गेली असं लिहू नकोस, आधी डायनॅमोमीटर, म्हणजे पकड मोजायचं मशीन, बघ. आपल्या जामार डायनॅमोमीटरचं हँडल पाच ठिकाणी बसतं, आपण शक्यतो दुसऱ्यावरच घेतो, आणि मागच्या वेळी कुणी तिसऱ्यावर घेतलं असेल तर तुलनाच चुकते ना. पेशंट बसलेला, कोपर ९० अंशात, दंड अंगालगत, तीनदा दाबायला लावून सरासरी काढायची, मध्ये थोडी विश्रांती. सगळ्यात जास्त रीडिंगवर थांबून राहणारा लाल काटा दर वेळी शून्यावर आण, हे मी स्वतः विसरलेय आणि जुनाच आकडा लिहून बसलेय! कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय ना याची तपासणी, वर्षातून एकदा तरी कर. आणि त्याच पेशंटला पुढच्या वेळीही तेच मशीन दे, दुसरं नको.