वाचकांचे प्रश्न : कॉम्रेड्सची तयारी – टाच, घाट, ऊन आणि बूट

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान होणाऱ्या कॉम्रेड्स मॅरेथॉनला महाराष्ट्रातूनही बरेच हौशी धावपटू जातात आणि या महिन्यातील बहुतेक पत्रे त्यांचीच आहेत. ज्यांना या शर्यतीची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपम यांनी १९२१ साली ही शर्यत सुरू केली. त्या वर्षी ३४ जण धावले आणि त्यांतील १६ जणांनी ती पूर्ण केली. अंतर ८७ ते ९० किलोमीटर असते, रस्ता संपूर्ण डांबरी, मुदत बारा तासांची. डर्बनहून वर जाणारी ती ‘अप रन’ आणि वरून समुद्राकडे उतरणारी ती ‘डाउन रन’. ही दिशा साधारणपणे वर्षाआड बदलते.

प्रश्न : माझे वय ४७ असून मी पुण्यात शिक्षिका आहे. शर्यतीला दहा आठवडे उरले असताना उजवी टाच दुखू लागली आहे. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले टाकवत नाहीत, नंतर दुखणे कमी होते आणि लांब पळून आल्यावर संध्याकाळी पुन्हा वाढते. सराव चालू ठेवावा की यंदाचा विचार सोडून द्यावा?

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे तळपायाच्या पडद्याच्या दुखण्याची, म्हणजे प्लांटार फॅशिआयटिसची आहेत. तरीही आधी एक खात्री करून घ्यावी. टाचेच्या दोन्ही बाजूंना तळहात लावून ती लिंबू पिळावे तशी दाबून पाहा. या दाबाने हाडातून कळ आली, त्या पायावर एक उडीही मारवत नसेल किंवा रात्री अंथरुणात पडल्यावरही ठणका लागत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी पळणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या काही आठवड्यांत असा तडा साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

दुखणे पडद्याचेच असेल, तर संपूर्ण विश्रांतीने ते दबते, पण पळायला लागले की परत डोके वर काढते. मोजून-मापून दिलेला भार मात्र त्याला मानवतो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभे राहून पायाच्या बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, म्हणजे बोटे वर वळलेली राहतील. मग तीन सेकंदांत टाच वर उचलावी, दोन सेकंद तिथेच धरावी आणि तीन सेकंदांत खाली आणावी. एका पायावर अशी बारा उचलण्यांची आवर्तने एक दिवसाआड करावीत. जमू लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये वह्या-पुस्तके भरून वजन वाढवत न्यावे. व्यायाम कंटाळवाणा आहे, फरक दिसायला काही आठवडे लागतात आणि बहुतेक जण तो आठ दिवसांत सोडून देतात. घरातल्या फरशीवर अनवाणी वावरणे बंद करून मऊ चप्पल वापरावी, आणि वर्गात तासन्तास उभे राहावे लागत असेल तर तिथेही चांगल्या तळव्याची पादत्राणे घालावीत. शर्यत जवळ आली म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर दोनदा विचार करावा. दुखणे थांबते हे खरे, पण त्यानंतर हा पडदा फाटण्याचा धोका असतो, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर नको तेवढे पळतो.

सराव चालू ठेवता येईल, मात्र दोन अटींवर. पळताना दुखणे दहापैकी तीनच्या पुढे जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले पाऊल आदल्या दिवसापेक्षा जड पडू नये. दुसरी अट मोडली, तर त्या आठवड्याचे पळणे एकतृतीयांशाने कमी करून तेवढा वेळ सायकलवर किंवा तलावात घालवावा. एकदम ६० किलोमीटर पळण्याचा हट्ट आपल्या बाबतीत मी धरणार नाही. शनिवारी २८ ते ३० आणि रविवारी थकल्या पायांनी १८ ते २० किलोमीटर, असे दोन-तीन जोड-सराव पुरेसे होतील. ९० किलोमीटर बारा तासांत म्हणजे आठ मिनिटांना एक किलोमीटर, आणि या हिशेबात नियोजनपूर्वक चालण्याला जागा आहे. नऊ मिनिटे पळणे आणि एक मिनिट चालणे ही पद्धत आतापासून अंगवळणी पाडली, तर टाचेलाही मधूनमधून उसंत मिळते.

निर्णयाचा दिवस शर्यतीच्या चार आठवडे आधीचा धरा. त्या दिवशी वरच्या दोन्ही अटी पाळून ३० किलोमीटर होत नसतील, तर यंदा थांबावे. विमानाचे तिकीट काढून झाले आहे, ही गोष्ट या निर्णयात धरू नये.

प्रश्न : मी साताऱ्याचा. दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जातो आणि परत येताना मित्राच्या गाडीतून खाली येतो. चढाची मला भीती नाही. मी डाउन रनसाठी नाव दिले आहे. माझी तयारी योग्य दिशेने चालली आहे ना?

उत्तर : अर्धीच. आपण ज्या भागात गाडीत बसता, शर्यतीत नेमका तोच भाग आपल्याला पायांनी करायचा आहे.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतात. चढताना दम लागतो, पण स्नायूंची मोडतोड कमी होते. उतरताना श्वास आरामात चालतो आणि स्नायूंचे तंतू आतल्या आत फाटत जातात. त्यामुळे उतार सोपा वाटतो आणि त्याची किंमत काही तासांनी द्यावी लागते. डाउन रनचा मार्ग पाहिला तर हे लक्षात येईल. पीटरमारित्झबर्ग सोडल्यावर पॉली शॉर्ट्सचा उतार लागतो, पण पुढे उमलास रोडपाशी मार्गाचा सर्वांत उंच भाग येईपर्यंत एकंदरीत चढच आहे. मग इंचांगाची चढण, ड्रमंडला निम्मे अंतर, बोथाज हिल, आणि क्लूफपासून पाइनटाउनकडे कोसळणारा फील्ड्स हिलचा सुमारे तीन किलोमीटरचा तीव्र उतार. तिथे पोहोचेपर्यंत साठाच्या वर किलोमीटर झालेले असतात आणि त्यानंतरही वीसेक उरतात, त्यांत काउईज हिलचा एक चढही आहे. ज्यांच्या मांड्या फील्ड्स हिलवर संपतात, त्यांना पुढच्या सपाट रस्त्यावरही पळता येत नाही, मग फुप्फुसात कितीही दम शिल्लक असो.

यावरचा उपाय आपल्या दारात आहे. उताराच्या एका चांगल्या सरावानंतर मांड्या दोन-तीन दिवस बोलतात, जिना उतरताना कठड्याला धरावे लागते, पण तोच उतार पुन्हा केल्यावर इजा बरीच कमी होते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. तेव्हा पहिल्या रविवारी यवतेश्वरचा निम्माच घाट पळत उतरावा, पुढे पूर्ण, आणि नंतर एखाद्या दिवशी पाचगणीहून पसरणीच्या घाटाने वाईपर्यंत उतरून खाली आल्यावर आणखी आठ-दहा किलोमीटर सपाटीवर पळावे. हा शेवटचा सपाटीचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण फील्ड्स हिलनंतर पाय कसे लागतात याची कल्पना तोच देतो. पावले छोटी आणि भराभर टाकावीत, शरीर मागे रेलून टाचेने ब्रेक मारत उतरू नये. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला टोचल्यासारखे दुखू लागले, तर त्या दिवशी उतार तिथेच सोडावा. तेवढ्यापुरते मित्राच्या गाडीत बसायला माझी हरकत नाही. उताराचा शेवटचा जड सराव शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपला पाहिजे. आणि घाटात वाहने असतात, म्हणून पहाटेची वेळ, उजेडाचा पट्टा आणि समोरून येणारे वाहन दिसेल अशी रस्त्याची बाजू, या तीन गोष्टींत तडजोड नको.

प्रश्न : ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत पहाटे चार वाजताही घामाने कपडे निथळतात. शर्यत मात्र तिथल्या हिवाळ्यात असते. मग या उकाड्यातला सराव वाया जातो का? आणि पाणी नेमके किती प्यावे?

उत्तर : वाया मुळीच जात नाही. उष्ण हवेत दोन आठवडे नियमित पळल्यावर रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. याचा उपयोग त्या ‘हिवाळ्या’तही होतो, कारण क्वाझुलू-नाताळ या शर्यतीच्या प्रांतातला जून आपल्याला वाटतो तितका सौम्य नसतो. पीटरमारित्झबर्गला पहाटे स्वेटर घालावा अशी थंडी असते आणि दुपारी डर्बनच्या बाजूला ऊन चांगलेच तापते. त्यातच काही वर्षी आतल्या पठाराकडून समुद्राकडे कोरडे, गरम वारे सुटतात, ज्यांना तिथे ‘बर्ग विंड’ म्हणतात. २०१३ च्या अप रनमध्ये उन्हाने आणि वाऱ्याने अनेकांना वाटेतच थांबायला लावले होते. म्हणून अंगावर जुना, टाकून देता येईल असा एक फुलशर्ट सुरुवातीला असू द्यावा, आणि टोपी व सनस्क्रीन विसरू नये. जूनमध्ये तिथे दिवस लहान असतो. सुरुवात अंधारात होते आणि बारा तासांच्या आसपास पोहोचणाऱ्यांचा शेवटही दिवेलागणीला होतो.

ठाण्यातल्या सरावात वेगाचा नाद सोडावा. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तो कितीही आला तरी शरीर थंड होत नाही आणि नाडी उगाच चढते. अशा दिवशी घड्याळातला वेग न पाहता श्वासावर पळावे, म्हणजे सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे.

पाण्याचा आकडा मी देणार नाही, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असतो. तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून कमीत कमी कपड्यांत वजन करावे आणि मध्ये प्यालेले पाणी त्या फरकात मिळवावे, म्हणजे तासाला किती घाम जातो ते कळते. तेवढे सगळे भरून काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये. तहान लागेल तसे प्यावे. हा सल्ला वरवर ढिला वाटेल, पण त्यामागे याच शर्यतीचा इतिहास आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूच्या रक्तातील सोडियम जास्त पाणी प्याल्याने धोकादायकरीत्या घसरल्याचे सुरुवातीचे उदाहरण १९८१ च्या कॉम्रेड्समधलेच आहे आणि त्याचा अभ्यास केप टाउनचे डॉ. टिम नोक्स यांनी केला. बोटांतली अंगठी घट्ट होणे, मळमळ, डोके जड होणे आणि शर्यतीत वजन वाढणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा अवस्थेत आणखी पाणी पाजणे घातक ठरते.

तिथे पाणी आणि सरबत प्लास्टिकच्या छोट्या बंद पिशव्यांतून मिळते. कोपरा दाताने फाडून पळता पळता पिण्याची सवय घरीच करावी, नाहीतर निम्मे पाणी छातीवर सांडते. वाटेत मीठ लावलेले उकडलेले बटाटेही मिळतात आणि गोड जेलने तोंड मिटले की तेच बरे वाटतात. आपल्याकडच्या लाँग रनमध्ये ते आधी खाऊन पाहावेत.

वेळेबद्दल एक सोयीची गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे पहाटे अडीचला उठणे म्हणजे आपल्या शरीराच्या हिशेबाने सकाळी सहाला उठणे. त्यामुळे दोन-तीन दिवसच आधी पोहोचणाऱ्यांनी तिथल्या वेळेशी जुळवून घेण्याची धडपड न करता संध्याकाळी लवकर झोपावे.

प्रश्न : कोल्हापुरातील आमच्या गटात कार्बन प्लेटच्या, म्हणजे तळव्यात कार्बनची कडक पट्टी बसवलेल्या बुटांवरून दोन तट पडले आहेत. पाऊण-एक लाखाच्या प्रवासात वीस हजारांचे बूट घ्यायला हरकत नाही, असे काहींचे म्हणणे आहे. माझे लक्ष्य साडेअकरा तासांचे आहे.

उत्तर : पैशांचा हिशेब आपला आपण करावा. पायांच्या बाजूने पाहिले तर साडेअकरा तासांच्या धावपटूला या बुटांचा फायदा थोडा आणि अडचण जास्त आहे. कडक प्लेट आणि उसळता फोम यांची जोडी वेगात पळणाऱ्यासाठी बनवलेली असते. पाऊल हळू पडू लागले, मध्ये चालणे आले की तोच उंच, मऊ तळवा डुगडुगतो. या मार्गावर जुन्या रस्त्याच्या कडांना बाजूचा उतार आहे आणि त्यावर तासन्तास पळताना घोटा सारखा एका अंगाला कलतो. शिवाय असे बूट घालून पळणाऱ्या काही धावपटूंमध्ये पायाच्या मधल्या, नॅव्हिक्युलर हाडाला तडे गेल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. सर्वांनाच असे होईल असे नाही, पण दहा आठवडे आधी पायाच्या कामाची सगळी मांडणी बदलण्याचे धाडस मी करणार नाही.

आपण आजवर ज्या साध्या, भरपूर गादीच्या बुटांत विनातक्रार पळत आलात, त्याच मॉडेलचा नवा जोड अर्धा नंबर मोठा घ्यावा. खरेदी संध्याकाळी, शर्यतीतलेच मोजे घालून करावी. काही तासांनी पाऊल सुजते आणि उतारावर पुढे सरकते, म्हणून अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. नखे काळी पडतात ती बहुधा या जागेच्या अभावी. नव्या जोडावर ८० ते १०० किलोमीटर, त्यांत एक लाँग रन, एवढे झाले की तो बाजूला ठेवून द्यावा. आपल्याकडे वळवाच्या पावसात भिजलेले बूट मिळालेच, तर त्यातही एकदा मुद्दाम पळून पाहावे, म्हणजे फोड कुठे येतात ते कळेल आणि तिथे आधीच टेप किंवा व्हॅसलिन लावता येईल. सुरुवातीच्या अंधारात रस्त्यावरच्या चमकत्या खुंट्यांना आणि लोकांनी टाकलेल्या कपड्यांना अडखळून अनेक जण पडतात. तिथे कोणत्याच बुटांचा उपयोग नाही, नजर खाली ठेवावी.

प्रश्न : शर्यतीच्या सकाळी खबरदारी म्हणून वेदनाशामक गोळी घेतली तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. लांब शर्यतीत घामाने आणि मोडलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनांनी मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. पोटाचा त्रास वेगळाच. शर्यत संपल्यावरही लघवी नीट होऊन तिचा रंग साधा दिसेपर्यंत या गोळ्या घेऊ नयेत. लघवी चहासारखी गडद झाली असेल, तर हॉटेलवर न जाता थेट शर्यतीच्या वैद्यकीय तंबूत जावे.