देखभालीचं काम कंत्राटाला दिलं की जुन्या कुशल कामगाराचं काय होतं?

तुमची कंपनी देखभालीचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला देणार, १४ वर्षं फिटर असलेल्या तुम्हाला 'समन्वयक' करणार आणि पगार तोच राहणार. तरी मन अस्वस्थ आहे, हे चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय.

चुकत नाहीये. मी यातून गेलो आहे. यांत्रिक देखभालीत २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची ७ समन्वयक म्हणून. नोकरी टिकली, पगार टिकला, हाताची सवय मात्र मोडली. आणि त्याहून जास्त मनाला लागलेली गोष्ट म्हणजे माझ्यामागे ते काम येणारा कुणी तयारच झाला नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे गरम द्रव ओढणारा एक पंप होता. पंपाचा आणि मोटरचा शाफ्ट (फिरणारा दांडा) एका रेषेत आणणं, म्हणजे अलाइनमेंट, हे तुमचंही रोजचंच काम असणार. पण हा पंप थंड असताना दोन्ही शाफ्ट तंतोतंत जुळवले की पुढे बिघाड ठरलेला. पोलाद तापलं की एका अंशामागे दर मीटरला साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ४० सेंटिमीटर आणि तापमानातली वाढ ६० अंश धरली, तर शाफ्ट जवळपास ०.३ मिलिमीटर वर उचलला जातो. म्हणून मोटरखाली शिम, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, घालून ती मुद्दाम वर ठेवायची. पंप तापला की आपोआप तिच्या रेषेत येतो. (मोटरही थोडी तापते, तेवढं त्यातून वजा करायचं.)

कंत्राटदाराच्या मुलांनी अलाइनमेंट केली, डायल गेजवर (बारीक फरक मोजायचं साधन) शून्य आणलं, म्हणजे थंड असतानाच तंतोतंत जुळवलं. कागद बघून मी सही केली. ३ आठवड्यांत सील गळायला लागलं, मग बेअरिंग गेलं. त्यांनी बेअरिंग बदललं, पुन्हा शून्यावर आणलं, मी पुन्हा सही केली. चौथ्यांदा तसंच झालं तेव्हा मी स्वतः खाली जाऊन शिम मोजल्या आणि डोक्यात प्रकाश पडला. जी गोष्ट मी पूर्वी पंपाकडे येतानाच मनात धरून यायचो, ती आठवायला मला ४ बेअरिंगं लागली. याची बोच अजून आहे.

त्या मुलांना मी दोष देणार नाही. पंपाच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं, पण पुस्तिका उघडायला आधी शंका यावी लागते, आणि ती त्याच मशीनवर एकदा फसलेल्या माणसाला येते. ही मुलं काही महिन्यांनी दुसऱ्या साइटवर जायची. त्यांना पैसे मिळायचे काम उरकण्याचे. पुढच्या खेपेला तोच पंप उघडायला नवीच मुलं. त्यांच्यातले दोघे फार चांगल्या हाताचे होते. एका जागी राहिले असते तर माझ्यापेक्षा सरस झाले असते. कामगार म्हणून नुकसान त्यांचंही झालं, आणि ते कुणी मोजत नाही.

व्यवस्थापनाला हे का दिसत नाही, तर हिशोबाची मांडणीच तशी असते. देखभालीच्या खात्यात पगार कमी झालेले दिसतात. पंप बंद पडून गेलेले तास उत्पादनाच्या खात्यात जातात, खराब निघालेला माल गुणवत्तेच्या. आणि न झालेल्या बिघाडाला तर कुठलंच खातं नसतं. चांगल्या फिटरची बरीचशी कमाई तिथेच असते. शिवाय पहिली १-२ वर्षं जुन्या लोकांच्या कामाच्या पुण्याईवर मशीनं नीट चालतात, आकडे छान दिसतात. बिघाड वाढेपर्यंत निर्णय घेणारा साहेब बढती घेऊन दुसरीकडे गेलेला असतो.

मोठ्या कंपन्यांतही हे घडलंय. बोईंगमधले अभियंते जॉन हार्ट-स्मिथ यांनी २००१ मध्ये कंपनीच्याच परिषदेत निबंध मांडून बजावलं होतं, की काम बाहेर दिलं की त्यातला नफाही बाहेर जातो, आणि मूळ कंपनीची कामगिरी तिच्या सर्वांत कच्च्या पुरवठादाराच्या वर जाऊ शकत नाही. तरी ७८७ विमानाचे मोठमोठे भागच काय, त्यांच्या आराखड्यांचं बरंचसं कामही पुरवठादारांकडे गेलं. २००८ मध्ये द्यायचं पहिलं विमान ग्राहकाला २०११ च्या सप्टेंबरात मिळालं. मधेच २००९ मध्ये दक्षिण कॅरोलायनातला एका पुरवठादाराचा कारखाना बोईंगला विकत घ्यावा लागला. बोईंगनेच २००५ मध्ये विकलेल्या अमेरिकेतल्या विचिटाच्या कारखान्यातून स्पिरिट एअरोसिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली. तीही परत घेण्याचा करार २०२४ मध्ये झाला. त्यांच्याकडे परत घेण्यासारखं काही होतं तरी. देखभाल विभागात माणसांशिवाय असतं काय? ती पांगली की परत आणणार कुणाला?

सगळंच काम बाहेर देणं वाईट, असं मी म्हणत नाही. मोठ्या मोटरचं रिवाइंडिंग, अवजड क्रेन, वर्षातून एकदा लागणारी खास तपासणी, यासाठी बाहेरचा जाणकार आणणंच शहाणपणाचं. पण रोज हात लावावा लागतो ती मशीनं घरच्याच माणसांकडे हवीत.

तुम्ही आता काय करू शकता? करार अजून झाला नसेल तर थांबली की सगळंच बंद पडतं अशा ५-६ मशीनांची यादी घेऊन साहेबांकडे जा आणि तेवढी तरी विभागाकडे ठेवा म्हणून मागा. भावनेचं बोलू नका. गेल्या ३ वर्षांत ती किती तास बंद होती आणि तोच बिघाड परत किती वेळा आला, हे काढून न्या. करार होणारच असेल तर एवढी अट घालायला सांगा, की कंत्राटदाराची ठरावीक माणसं किमान २ वर्षं तिथेच राहतील. मग त्यातला एखादा मुलगा हेरा आणि त्याला सोबत घेऊन काम करा, पदाचं नाव काहीही असो. मी हे केलं नाही. कागद, परमिट आणि बैठका यांतच दिवस जायचा आणि मी तो जाऊ दिला.

आणि सही. रोज १०-१५ कागद समोर येतील, 'तपासले' असं लिहिलेले. काम डोळ्यांनी पाहिलं नसेल तर सही करू नका, उशीर झाला तरी चालेल. खाली जा, कव्हर उघडायला लावा, स्वतः मोजा.