‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे विचारायचं कसं

प्रश्न : मी नाशिकला सिडकोत राहते. धाकटा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. ऐन काढणीत गारपीट झाली, सोसायटीचं कर्ज थकलं. दोन महिने झाले, तो कुणाशी धड बोलत नाही, रात्र-रात्र जागा असतो. परवा फोनवर म्हणाला, ‘मी असलो काय, नसलो काय.’ मी घाबरून विषय बदलला. उघड विचारलं तर नको ते त्याच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल का?

उत्तर : नाही होणार, ताई. विचारल्यामुळे आत्महत्येचा विचार मनात शिरत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. विचार असेल तर तो आधीच असतो, आणि माणूस तो एकटा वाहत असतो. तेव्हा विचाराच, पण फोनवर नको. समक्ष जा.

चारचौघांत, जेवणाच्या ताटावर विषय काढू नका. बागेत ओळीतून चालताना किंवा ओट्यावर शेजारी बसून बोला. समोरासमोर नजर भिडली की असं बोलणं अवघड जातं. सुरुवात तुम्ही ऐकलं-पाहिलं त्यावरून करा : ‘परवा तू म्हणालास ना, असलो काय नसलो काय, ते माझ्या डोक्यातून जात नाही. काय चाललंय रे?’ मग गप्प राहा. मनात दहा अंक मोजा, लागलं तर पुन्हा मोजा. ही शांतता फार जड वाटते आणि आपण ती सल्ल्यानं भरून टाकतो.

तो म्हणेल, ‘सगळं संपलं.’ बहुतेकांचं इथे चुकतं. ‘असं बोलू नये, पोरांकडे बघ’ हे मायेनंच तोंडातून जातं, पण त्याला ऐकू येतं की आपलं दुःखसुद्धा चुकीचं. अपराधीपण वाढतं, तोंड मिटतं. त्यापेक्षा त्याचाच शब्द उचला : ‘संपलं म्हणजे? काय झालं?’ कर्जाचा हिशेब आज सोडवायला बसू नका. सोसायटीत पुढच्या आठवड्यात सोबत जाता येईल.

मग सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ ‘तू वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं नको. त्या प्रश्नाला ‘नाही’ एवढंच उत्तर देता येतं.

‘येतं’ म्हणाला तर रडारड नको, शपथ नको. ‘सांगितलंस, बरं केलंस’ म्हणा आणि पुढचं विचारा : कसं, कधी, काही ठरवलंय का, त्यासाठी लागणारं हाताशी आहे का? ठरवलेलं असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. ११२ किंवा १०८ ला फोन करा, नाहीतर थेट त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात, आपल्या सिव्हिलला न्या. पोलिस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतं.

ठरवलेलं नसलं तरी फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून आणि शेडमधून हलवा. पेटीला कुलूप आणि किल्ली भावबंदाकडे किंवा शेजाऱ्याकडे. उरलेल्या बाटल्याही राहू देऊ नका. पुढे एका फवारणीपुरतंच आणायचं, तेही दुसऱ्या कुणी. मरणाची टोकाची लाट बऱ्याचदा थोडा वेळच असते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं, यानं माणसं वाचतात. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. दारूही दूर ठेवा, तिच्यामुळे हात आवरत नाही.

१४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. पहिला फोन दोघांनी मिळून स्पीकरवर लावा. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून माणसं नेमकी त्याच दिवसांत गोळ्या सोडतात. पाकिटं भावजयीकडे ठेवा. वणीला गडावर न्यायचं तर जरूर न्या, पण डॉक्टरांची तारीख चुकवून नको.

निघताना पुढची वेळ ठरवा : ‘उद्या साडेसातला फोन करते.’ आणि साडेसातलाच करा. महिनोन् महिने खचलेला माणूस एकाएकी शांत झाला, वस्तू वाटू लागला, तर हायसं वाटून घेऊ नका. त्याच दिवशी पुन्हा विचारा.

प्रश्न : माझा हॉस्टेलमधला मित्र मरणाबद्दल बोलला आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून शपथ घातली. काय करू? (विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर : ही शपथ मोडायची. फक्त त्याच्या पाठीमागे नको. ‘हे मला एकट्याला पेलणारं नाही. आपण दोघं मिळून सांगू. आईला सांगायचं, दादाला की सरांना, ते तू ठरव,’ असं म्हण. तो कुणाचंच नाव घेत नसेल, तर ‘मी रेक्टर सरांना सांगतोय’ हे त्याला सांगूनच सांग. तो रागावेल, काही दिवस बोलणारही नाही. तरी आज रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी झोपायला हवं. आणि तुझं मन भरून आलं, तर १४४१६ वर तूही फोन कर. तो नंबर सोबत करणाऱ्यांसाठीही आहे.