जुन्या सर्व्हरची रॅम : आधी लेबल वाचा, मग पैसे द्या

जुन्या सर्व्हरमध्ये रॅम वाढवण्याबद्दलची पत्रे थांबत नाहीत. बहुतेकांची रॅम आधीच विकत घेऊन झालेली असते आणि प्रश्न मागाहून येतो. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमचा सर्व्हर डीडीआर३चा आहे. डीडीआर४ तर पुढची पिढी. ती चालायला हरकत नसावी ना?

बसणारच नाही. पिना २४०ऐवजी २८८, खाच वेगळ्या जागी, व्होल्टेज १.५ऐवजी १.२. जोर लावू नका.

प्रश्न : जुनी रॅम १३३३ वेगाची आहे, नवी १६००ची मिळते आहे. एकत्र चालतील का?

बाकी सगळे जुळत असेल तर चालतील, पण सगळ्या १३३३नेच.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, ‘ईसीसी आहे ना, मग कुठल्याही सर्व्हरला चालते.’ भावही बराच कमी आहे. घेऊ का?

घेऊ नका. ईसीसी ही चूक पकडण्याची सोय. रॅम रजिस्टर्ड आहे की अनबफर्ड, हा वेगळाच मुद्दा. विक्रेत्याला दोन्ही माहीत असते, तो एकच सांगतो. रजिस्टर्डमध्ये पत्त्याचे आणि आज्ञांचे संकेत आधी एका रजिस्टर चिपमधून जातात, म्हणून एका चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या एका वाटेवर, जास्त रॅम पेलते. अनबफर्डमध्ये ती चिप नसते. या दोन्ही एकत्र लावता येत नाहीत आणि लोड-रिड्यूस्ड हा तिसरा प्रकारही यांच्यात मिसळत नाही.

आधीपासून लावलेल्या रॅमचे लेबल वाचा. ‘२आरएक्स४ पीसी३एल-१२८००आर’ असे काहीतरी असेल. शेवटचे अक्षर आर म्हणजे रजिस्टर्ड, ई म्हणजे ईसीसी असलेली अनबफर्ड, एल म्हणजे लोड-रिड्यूस्ड. सुरुवातीचा ‘२आर’ म्हणजे दोन रँक, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपांचे दोन गट. तेही मोजा. इंटेलच्या झिऑन ई५-२६०० मालिकेचे प्रोसेसर असलेल्या सर्व्हरमध्ये एका चॅनेलवर रजिस्टर्ड रॅमचे ८ रँकच चालतात. चार रँकच्या तीन रॅम लावल्या की १२ होतात. पैसे देण्याआधी लेबलचा फोटो आणि सर्व्हरचा नेमका मॉडेल क्रमांक देखभाल करणाऱ्या अभियंत्याला दाखवा.

प्रश्न : १६ स्लॉट आहेत, पण आठांतली रॅम दिसतच नाही. बोर्ड गेला का?

दुसरा प्रोसेसर बसवलेला आहे का ते पाहा. नसेल तर त्याच्या वाट्याचे स्लॉट बंदच राहतात. असेल आणि तरी रॅम दिसत नसेल तर अभियंत्याला बोलवा.

प्रश्न : वापरलेली रॅम घेऊन लावली. सर्व्हर नीट चालतो, पण लॉगमध्ये ‘दुरुस्त केलेली मेमरी त्रुटी’ रोज येते. विक्रेता म्हणतो, ईसीसी आपले काम करते आहे, लॉग पुसा आणि महिनाभर बघू.

महिनाभर कशासाठी? परत करण्याची मुदत उलटावी म्हणून. हा सल्ला ऐकला की माझा तोल जातो.

ईसीसी ६४ बिट माहितीमागे ८ तपासणी बिट ठेवते. एक बिट चुकला तर ती दुरुस्त करते. दोन चुकले तर चूक कळते, पण दुरुस्त होत नाही आणि सर्व्हर बहुधा चालू कामासकट बंद पडतो. कधीतरी एखादी नोंद आली तर मीही काळजी करणार नाही. पण एकाच स्लॉटच्या नावावर रोज नोंद येते, तेव्हा पहिला बिट रोज चुकतो आहे आणि तुम्ही दुसऱ्याची वाट बघत आहात. गूगलच्या सर्व्हरवरचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाला सुमारे ८ टक्के मॉड्यूलमध्ये, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांमध्ये, दुरुस्त झालेल्या त्रुटी आढळल्या; आणि ज्यांत त्या आढळल्या, त्यांत पुढे दुरुस्त न होणारी चूक येण्याची शक्यता बरीच वाढलेली दिसली.

लॉग पुसू नका; रॅम परत करताना तोच तुमचा पुरावा आहे. त्याची प्रत काढा, स्लॉटचा क्रमांक लिहून ठेवा. आज बॅकअप घ्या आणि तो उघडतो का तेही पाहा. मग कामकाज बंद असताना, दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढून, ती रॅम दुसऱ्या स्लॉटमधल्या तशाच रॅमशी अदलाबदल करून लावा. त्रुटी रॅमबरोबर गेली तर रॅम खराब. जुन्याच स्लॉटवर राहिली तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरची बैठक संशयित; तिथे स्वतः हात घालू नका. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही. आणि हे सगळे परतीची मुदत संपण्याआधी.

प्रश्न : १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम १.५च्या जुन्या रॅमबरोबर चालेल का?

सहसा चालते, सगळ्या १.५वर. तरी तुमच्या मॉडेलच्या मार्गदर्शिकेतला रॅमचा तक्ता पाहा. काही सर्व्हर अशी सरमिसळ नाकारतात.

प्रश्न : ६४ जीबी लावली. सुरू होताना पूर्ण दिसते, विंडोज सर्व्हर २००८ आर२ स्टँडर्ड मात्र ३२च वापरते.

त्या आवृत्तीची मर्यादाच ३२ आहे, रॅम ठीक आहे. तिची नियमित सुरक्षा-अद्यतने जानेवारी २०२० मध्ये थांबली. रॅम राहू द्या. ऑपरेटिंग सिस्टीम ज्यांच्या जबाबदारीत आहे त्यांच्याशी याच आठवड्यात बोला.