शंभर कशाचे? इंग्लंडमधील जुन्या विभागांची नावे

प्रश्न : इंग्लंडच्या जुन्या नकाशांत शायरच्या पोटविभागांना बहुतेक ठिकाणी ‘हंड्रेड’, तर यॉर्कशरमध्ये ‘वॉपनटेक’ आणि ‘रायडिंग’ असे म्हटलेले आढळते. हे आपल्या तालुक्यांसारखेच होते का? ही नावे कशी पडली?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शायर हा जिल्हा मानला, तर हंड्रेडला तालुका म्हणता येईल, मात्र महसुलाइतकेच न्यायनिवाड्याचे काम त्याच्याकडे होते. दहाव्या शतकातील राजाज्ञेनुसार हंड्रेडची सभा दर चार आठवड्यांनी भरावी, असा नियम होता. एका कुटुंबाचा निर्वाह होईल इतक्या जमिनीला ‘हाइड’ म्हणत, आणि अशा शंभर हाइडांवरून हंड्रेड हे नाव आले, असे सामान्यतः मानले जाते. तरीही १०८६ सालच्या डूम्सडे पाहणीत अनेक हंड्रेडांचे हाइड शंभराच्या बरेच खाली किंवा वर भरतात, त्यामुळे हा आकडा काटेकोर मोजणीचा समजू नये.

वॉपनटेक हा शब्द डेन लोकांच्या वस्तीच्या उत्तर व पूर्व भागांतला. त्याचे मूळ जुन्या नॉर्स भाषेत असून शस्त्र हाती घेणे, असा त्याचा अर्थ आहे. सभेतील मंजुरी शस्त्रे उंचावून दर्शवली जाई, त्यावरून तो आला असावा.

प्रत्येक विभागाचे स्वतःचे नाव मला याहून अधिक बोलके वाटते. आपल्याकडे निफाड, सिन्नर, येवला हे तालुके मुख्यालयाच्या गावावरून ओळखले जातात, आणि सटाणा मुख्यालय असलेला बागलाण हा त्याला अपवाद. इंग्लंडमध्ये मात्र कित्येक हंड्रेडांना गावाऐवजी सभेच्या उघड्या जागेचे, म्हणजे एखाद्या झाडाचे, दगडाचे, टेकाडाचे किंवा नदीच्या उताराचे नाव मिळाले. मिडलसेक्समधील ‘स्पेलथॉर्न’ म्हणजे जिथे भाषणे होत ते काटेरी झाड, तर सफोकमधील ‘थिंगो’ म्हणजे सभेचे टेकाड.

रायडिंगचा घोडेस्वारीशी काहीही संबंध नाही. तृतीयांश या अर्थाच्या नॉर्स शब्दापासून ‘थ्रायडिंग’ असे रूप झाले, आणि नॉर्थ, ईस्ट, वेस्ट या शब्दांच्या अखेरच्या ध्वनीत त्याचा आरंभीचा ‘थ’ विरून गेला. यॉर्कशरला उत्तर, पूर्व आणि पश्चिम रायडिंग होते, पण दक्षिण रायडिंग नव्हते, ते याच कारणाने : तृतीयांश तीनच असतात.